जीयूआय लायब्ररीच्या मेथड सिग्नेचर सुधारायच्या आहेत, पण जुना कोड मोडायला नको

अंबाझरी_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नागपूरच्या आयटी पार्कात आमची लहानशी टीम आहे. टीकिंटरवर (पायथनची खिडक्या-बटणांची लायब्ररी) बांधलेली एक विजेट, म्हणजे पडद्यावरच्या घटकांची, लायब्ररी आम्ही सांभाळतो. त्यात टेबल आहे, रकमेचा रकाना आहे, पावतीचा प्रीव्ह्यू आहे, फाइल निवडायची खिडकी आहे. आधी ती आमच्या कामापुरतीच होती. पुढे विदर्भात एकट्याने धंदा करणाऱ्या बऱ्याच डेव्हलपरांनी ती उचलली. आज ती कामठी रोडच्या वजनकाट्यांवर, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, कळमन्याच्या अडत्यांकडे आणि दवाखान्यांच्या ओपीडी काउंटरवर चालते.

लायब्ररीचा पाया पायथन २ च्या काळातला. विजेट चांगले चालतात, पण मेथडच्या सिग्नेचर (कोणते पॅरामीटर, कोणत्या क्रमाने) वाचून काही बोध होत नाही. कोड देवनागरीत उतरवून टाकतो आहे, मूळ नावं रोमनमध्ये आहेत.

    टेबल.ओळ_जोड(मूल्ये, ट्रू, फॉल्स, ट्रू)

यातलं कोणतं ट्रू कशासाठी, हे मूळ फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. पहिलं म्हणजे ओळ निवडलेली दाखवायची, दुसरं म्हणजे ती संपादित करता येते की नाही, तिसरं म्हणजे ती यादीत सगळ्यात वर घालायची.

दुसरं दुखणं याहून वाईट. खिडकीचा आकार ठरवताना क्रम (रुंदी, उंची) आहे आणि पावतीच्या प्रीव्ह्यूचा आकार ठरवताना (उंची, रुंदी). दोन्ही पूर्णांक, त्यामुळे उलटे दिले तरी कुठे एरर येत नाही, फक्त पावती वेडीवाकडी दिसते.

शिवाय टेबलात निवड बदलली की कॉलबॅकला, म्हणजे वापरणाऱ्याने आधी नोंदवलेल्या फंक्शनला, आम्ही रिकाम्या हाताने हाक मारतो. कोणती ओळ, माउसने की कीबोर्डने, हे त्याला पाठवायचं आहे. फाइल निवडायची मेथड नुसता पाथ परत देते, सोबत निवडलेला फाइलप्रकारही द्यावा अशी मागणी आहे. आणि रकमेच्या रकान्यात स्वल्पविराम १००,००० असे पडतात. आमचा प्रत्येक वापरकर्ता लाख-कोटीत मोजतो, तेव्हा १,००,००० हेच डिफॉल्ट करावं असं टीममध्ये चाललं आहे.

अट एकच, जुने कॉल मोडायला नकोत. काट्यावरचा संगणक बिघडला की तिथला टेक्निशियन तो फॉरमॅट करतो, पिपने (पायथनची पॅकेज बसवायची आज्ञा) लायब्ररी टाकतो आणि त्याला सगळ्यात नवी आवृत्ती मिळते. आवृत्ती कोणी पिन केलेली, म्हणजे आकडा देऊन बांधून ठेवलेली, नसते. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं तो तेव्हा यवतमाळला दुसऱ्या कामावर असतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकाशी गाड्या उभ्या आणि पावती निघत नाही, असं आमच्यामुळे कधीही होऊ नये. आणि सुधारणा तर करायचीच आहे. तुम्ही कसं केलं असतं?

धंतोलीकर

ओळ_जोड पासून सुरुवात करतो, कारण तिच्यावरचा उपाय भाषेतच आहे.

पायथन ३.० पासून, म्हणजे २००८ पासून, सिग्नेचरमध्ये एकटी चांदणी टाकता येते. तिच्यानंतरचे सगळे पॅरामीटर नावानेच द्यावे लागतात. पायथन २ मध्ये ही सोय नव्हती, म्हणून त्या काळातल्या लायब्ररींत ट्रू-फॉल्सच्या माळा दिसतात.

    डेफ ओळ_जोड(सेल्फ, मूल्ये, *, निवडलेली=फॉल्स, संपादन=ट्रू, सर्वात_वर=फॉल्स)

हे असंच टाकलंत तर तुमचा जुना कॉल त्याच क्षणी टाइपएररने पडेल. म्हणून मधला टप्पा हवा. एकट्या चांदणीच्या जागी नावाची चांदणी:

    डेफ ओळ_जोड(सेल्फ, मूल्ये, *जुने, निवडलेली=दिलं_नाही, संपादन=दिलं_नाही, सर्वात_वर=दिलं_नाही)

क्रमाने आलेली मूल्यं ‘जुने’ मध्ये गोळा होतात. ती जुन्याच क्रमाने नावांना जोडायची, इशारा नोंदवायचा आणि पुढे जायचं. तीनपेक्षा जास्त आली, किंवा एकच गोष्ट क्रमानेही आली आणि नावानेही आली, तर पूर्वीसारखाच टाइपएरर. ‘दिलं_नाही’ ही वेगळी खूण याच कारणासाठी लागते. फॉल्स किंवा नन ही मूल्यं लोक खरोखर देतात, त्यांच्यावरून ‘काही दिलंच नाही’ हे ओळखता येत नाही.

हे सगळं प्रत्येक मेथडमध्ये लिहू नका, एक डेकोरेटर करा. आत स्वच्छ नवी सिग्नेचर, बाहेर जुन्याला सांभाळणारं वेष्टन. पायथनच्या फंकटूल्समधलं रॅप्स लावलं की हेल्पमध्ये आतली सिग्नेचरच दिसते. आलेखांच्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीत या कामाचे डेकोरेटर आहेत. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न लायब्ररीने हाच रस्ता धरला होता: २०२० च्या ०.२३ आवृत्तीत इशारा, २०२१ च्या १.० मध्ये सक्ती. तुमच्याकडे सक्तीचा टप्पा आला नाही तरी काही बिघडत नाही. वेष्टन ठेवायला फार खर्च नाही.

आणि एक पथ्य आजपासूनच पाळा. नवा पॅरामीटर कधीही मध्ये घुसवायचा नाही, चांदणीच्या पुढेच टाकायचा.

वऱ्हाडी_गडी

भाऊ, प्रीव्ह्यूचा क्रम आतल्या आतच सरळ करून टाका ना. मोठा आकडा उंची, लहान आकडा रुंदी. पावती उभीच राहते. जुना कोडही चालेल अन् नवाही.

मिहानकरीण

भाऊ, हे मात्र करू नका. डॉट मॅट्रिक्सवर निघणारी काट्याची पावती बऱ्याच ठिकाणी आडवी असते. तिथे तुमचा अंदाज उलटा पडेल आणि ज्याने कोड बरोबर लिहिला होता त्याचीच पावती बिघडेल. टाइपवरून फरक कळत नाही तिथे लायब्ररीने अंदाज बांधायचा नसतो.

माझं म्हणणं असं की त्याच नावाखाली क्रम बदलायचाच नाही, अगदी मेजर (पहिला आकडा बदलणाऱ्या) आवृत्तीतसुद्धा नाही. मेथड काढून टाकली तर कोड पडतो, माणसाला कळतं, तो दुरुस्त करतो. अर्थ बदलला तर कोड चालू राहतो आणि चुकीचं काम करतो. दुसरं पहिल्याहून फार वाईट.

जावाच्या एडब्ल्यूटी या जीयूआय लायब्ररीत हे झालेलं आहे. १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये त्यांनी नावांची शिस्त लावली. ‘साइझ’ च्या जागी ‘गेटसाइझ’ आलं, ‘रिसाइझ’ च्या जागी ‘सेटसाइझ’, ‘शो’ आणि ‘हाइड’ च्या जागी ‘सेटव्हिजिबल’. जुन्या मेथड तेव्हाच डेप्रिकेटेड (चालतात, पण वापरू नयेत अशा) ठरल्या, आणि त्या आजही तिथे आहेत. नव्या माणसाला त्या कोणी शिकवत नाही, जुन्याचा कोड चालतो.

दुसरा रस्ता क्यूटी या सी++ च्या जीयूआय लायब्ररीचा. तिथे ‘रिसाइझ’ दोन पूर्णांकही घेते आणि क्यूसाइझ नावाची एक वस्तूही घेते. तुम्हीही रुंदी-उंची नावाने घेणारी ‘माप’ ही छोटी वस्तू करा. प्रीव्ह्यूच्या मेथडला ‘माप’ मिळालं तर नवा अर्थ, दोन पूर्णांक मिळाले तर जुना अर्थ जसाच्या तसा. इथे फरक टाइपने ठरतो, अंदाजाने नाही.

    प्रीव्ह्यू.आकार(माप(रुंदी=८००, उंची=३५०))

वऱ्हाडी_गडी

पटलं ताई. आडव्या पावतीचं ध्यानातच आलं नव्हतं. ‘माप’ वालं बेस आहे.

सदर_बाजार

माझं मत वेगळं आहे, आणि ते मनापासून मांडतो. छोट्या टीमला दोन-दोन रस्ते सांभाळणं झेपत नाही. मेजर आवृत्ती काढा, सगळं एकदाच स्वच्छ करा, कुठे काय बदललं ते लिहून ठेवा. लोकांनी आवृत्ती पिन करायला शिकलंच पाहिजे. तुम्ही लाड करत राहिलात तर ते कधीच शिकणार नाहीत. जीटीके या जीयूआय लायब्ररीने तेच केलं. ‘पॅक स्टार्ट’ ला आत ठेवायच्या विजेटसोबत ट्रू, ट्रू, शून्य अशी तीन मूल्यं द्यावी लागायची, डिसेंबर २०२० च्या जीटीके ४ मध्ये ती मेथडच काढून टाकली आणि साधं ‘अपेंड’ आलं. पसरण्याची माहिती विजेटच्या गुणधर्मांत गेली. किती वाचनीय झालं बघा.

अंबाझरी_काठ (धागाकर्ता)

सदर_बाजार, तुमची काळजी खरी आहे. पण पिन न करणारा माणूस आणि त्याचा त्रास भोगणारा माणूस हे वेगळे आहेत. काट्यावर बसलेल्या ऑपरेटरने काय शिकायचं? त्याला पिप म्हणजे काय हेही ठाऊक असायचं कारण नाही.

धंतोलीकर

जीटीकेच्या उदाहरणातला एक धागा सुटला. जीटीके २, ३ आणि ४ एकाच मशीनवर शेजारी-शेजारी राहू शकतात, कारण लायब्ररीच्या नावातच आकडा आहे. जुना प्रोग्रॅम २ ला बांधलेला असतो, तो २ च उचलतो. पायथनमधून वापरताना तर ‘रिक्वायर व्हर्जन’ म्हणून कोणती जीटीके हवी ते आधी सांगता येतं. म्हणजे त्यांनी मोडलं खरं, पण जुन्या पत्त्यावर जुनंच ठेवून.

तेव्हा सदर_बाजार यांचं म्हणणं आणि धागाकर्त्यांची अट यांत भांडण नाही. कधी खरोखरच सगळं नव्याने मांडायचं झालं तर नवं पॅकेज नव्या नावाने काढा. जुन्या नावाने पिप केलं की जुनीच लायब्ररी मिळाली पाहिजे.

रस्ते दोन असले तरी काम करणारा कोड एकच असावा. नवी मेथड खरं काम करते, जुनी दोन ओळींची असते आणि नवीला हाक मारते. उलटं कधी करू नका. नवी मेथड जुनीवर उभी केलीत तर जुनीच्या सगळ्या अडचणी नव्यात उतरतील.

रामटेकवासी

आता इशाऱ्यांबद्दल बोलू, कारण इथे बहुतेक लायब्ररींचा घात होतो.

पायथनचा डेप्रिकेशनवॉर्निंग डीफॉल्टने दिसतच नाही. ३.७ पासून थोडी सवलत आहे, मुख्य फाइलमधून थेट झालेल्या कॉलचा इशारा दिसतो, आयात केलेल्या मॉड्यूलमधला दिसत नाही. आणि तुमचे प्रोग्रॅम कन्सोलशिवाय, पायथनडब्ल्यूने चालत असणार. तिथे एसटीडीइआरआर (इशारे छापायची वाट) हे ननच असतं. वॉर्निंग्ज मॉड्यूलच्या सोर्समध्ये स्पष्ट टिपण आहे की अशा वेळी इशारे हरवतात. तुम्ही प्रामाणिकपणे वर्षभर इशारा देत राहाल आणि तो एकाही माणसापर्यंत पोचणार नाही.

याचं जिवंत उदाहरण पायथन ३.१० चं आहे. सी मध्ये लिहिलेल्या फंक्शनला पूर्णांक हवा असताना दशांश दिला तर पूर्वी बऱ्याच ठिकाणी तो गुपचूप कापला जायचा. ३.८ मध्ये त्यावर इशारा आला, ३.१० मध्ये सरळ टाइपएरर. रुंदी भागिले २ असं लिहून खिडकी मध्यभागी आणणारे कितीतरी पायक्यूटी (पायथनमधून क्यूटी वापरणारे) प्रोग्रॅम तेव्हा पडले, कारण पायथन ३ मध्ये भागाकार दशांशच देतो. सिग्नेचरचं एक अक्षर बदललं नव्हतं, फक्त ती काय स्वीकारते ते बदललं होतं. इशारा दोन आवृत्त्या आधीपासून होता. बघितला कोणी?

तेव्हा इशारा ज्याला दुरुस्ती करता येते त्याच्यापर्यंत न्या. वॉर्निंग्जचं फिल्टर उघडून आणि लॉगिंगमधलं ‘कॅप्चर वॉर्निंग्ज’ चालू करून ते लॉग फाइलमध्ये पडू द्या. स्टॅकलेव्हल २ द्या, म्हणजे इशाऱ्यात तुमची फाइल न दिसता कॉल करणाऱ्याची ओळ दिसते. डेकोरेटर आणि वारसा यांमुळे थर वाढले असतील तर ३.१२ पासून फाइलच्या पाथवरून तुमचे स्वतःचे थर वगळता येतात. एडिटरसाठी ३.१३ मध्ये ‘डेप्रिकेटेड’ हा डेकोरेटर आला आहे, तो लावला की त्याला ओळखणाऱ्या एडिटरमध्ये टाइप करतानाच जुन्या मेथडवर काट दिसते. मला वाटतं सगळ्यात उपयोगी हीच गोष्ट.

ऑपरेटरसमोर मात्र डायलॉग उघडून इशारा देऊ नका. त्याला त्यातलं काही करता येत नाही, आणि पुढची गाडी काट्यावर चढलेली असते.

हिंगणा_रोड

मी सी शार्पवाला. तुमच्याकडे डिफॉल्ट पॅरामीटर वाढवला की जुना कॉल चालतो, हे आमच्याकडे अर्धंच खरं आहे. डिफॉल्टचं मूल्य कंपाइल करताना कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये भरलं जातं. लायब्ररीची डीएलएल बदलली आणि प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला नाही तर जुन्या सिग्नेचरची मेथडच सापडत नाही. म्हणून आम्ही नवं ओव्हरलोड (त्याच नावाची, वेगळ्या पॅरामीटरची मेथड) लिहितो आणि जुनं तसंच ठेवतो. विंडोजच्या एपीआयमध्येही ‘क्रिएट विंडो’ ला हात न लावता ‘क्रिएट विंडो ईएक्स’ आणलं. आज पहिलं हे दुसऱ्याला हाक मारणारं मॅक्रो आहे. धंतोलीकर म्हणतात तेच झालं, नवं खरं काम करतं आणि जुनं त्याच्याकडे बोट दाखवतं.

मिहानकरीण

कॉलबॅककडे येते. इथे एक सापळा आहे, आणि टीकिंटरवाल्यांना तो हमखास लागतो.

सोपा वाटणारा उपाय असा: नोंदणीच्या वेळी पायथनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलने कॉलबॅकची सिग्नेचर बघायची. तो एक पॅरामीटर घेऊ शकत असेल तर घटना पाठवायची, घेऊ शकत नसेल तर पूर्वीसारखा रिकामा कॉल. आता लोकांचा खरा कोड बघा. लूपमध्ये बटणं किंवा टेबलं तयार करताना सगळे असं लिहितात:

    फॉर क्र इन काटे:
        टेबल[क्र].निवडल्यावर(लॅम्बडा क्र=क्र: पावती_दाखव(क्र))

क्र=क्र हे लिहावं लागतं, नाहीतर लूप संपल्यावर सगळ्या लॅम्बडांना (बिननावाच्या छोट्या फंक्शनांना) शेवटचाच क्र दिसतो. पण इन्स्पेक्टच्या नजरेत हा कॉलबॅक एक पॅरामीटर घेतो! तुमची लायब्ररी आनंदाने घटना पाठवेल, ती ‘क्र’ मध्ये जाऊन बसेल, आणि पावती_दाखव ला काट्याच्या क्रमांकाऐवजी घटनेची वस्तू मिळेल. डिफॉल्ट नसलेले पॅरामीटरच मोजा असं कोणी म्हणेल. मग ज्याने नव्या पद्धतीने घटना=नन असं लिहिलं त्याला घटना मिळणारच नाही.

म्हणून शोधाशोध नको. ‘निवडल्यावर’ जसं आहे तसं राहू द्या, तिचा कॉलबॅक कायम रिकामाच. ‘निवड_घटनेवर’ ही नवी मेथड आणा, तिच्या कॉलबॅकला एकच वस्तू मिळेल: घटना. ओळ, स्तंभ, कशाने निवडलं, सगळं त्या वस्तूचे गुणधर्म. उद्या आणखी काही द्यायचं झालं तर गुणधर्म वाढवा, सिग्नेचरला पुन्हा हात लावायची वेळ येणार नाही.

रामटेकवासी

मिहानकरीण ताईंचं शेवटचं वाक्य ओव्हरराइड होणाऱ्या (उपवर्गात नव्याने लिहिल्या जाणाऱ्या) मेथडनाही लागू आहे. धागाकर्त्यांनी त्या लिहिल्या नाहीत, पण विजेट लायब्ररीत त्या असतातच. लोक तुमचा वर्ग वारशाने घेऊन ‘रंगव(सेल्फ, कॅनव्हास)’ लिहितात. तुम्ही उद्या ‘मापपट’ असा एखादा जादा पॅरामीटर घालून आतून रंगव(कॅनव्हास, मापपट) असा कॉल केलात की सगळ्यांचे उपवर्ग पडले. इथे डिफॉल्ट पॅरामीटरचा उपयोग नाही, कारण कॉल तुम्ही करता आणि सिग्नेचर त्यांची असते.

क्यूटी ६ मध्ये ‘एंटर इव्हेंट’ ला साध्या क्यूइव्हेंटऐवजी क्यूएंटरइव्हेंट येऊ लागला. सी++ मध्ये ज्यांनी ओव्हरराइड हा शब्द लिहिला होता त्यांना कंपाइलरने अडवलं. ज्यांनी लिहिला नव्हता त्यांची जुनी मेथड निमूटपणे बाजूला पडली, कोड कंपाइल झाला आणि माउस विजेटवर आला तरी काहीच घडेना. क्यूटीने हे मेजर आवृत्तीत केलं, ते त्यांच्या नियमात बसतं. तरी असा बदल शोधायला किती वेळ जातो ते ज्याने शोधलं त्याला विचारा.

तुम्ही मापपट हा कॅनव्हासचाच गुणधर्म करा. कॅनव्हास.मापपट. झालं.

प्रतापनगर_चौक

मी अजून कॉलेजात आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. फाइल निवडायची मेथड आधी पाथ द्यायची, आता पाथ आणि प्रकार अशी जोडी देईल. पॅरामीटर तर तेच आहेत. मग सिग्नेचर बदलली असं म्हणायचं का?

धंतोलीकर

म्हणायचं. प्रश्न बाळबोध मुळीच नाही, यात भलेभले अडकले आहेत.

पायक्यूटी ४ मध्ये ‘गेट ओपन फाइलनेम’ नुसतं नाव द्यायचं. पायक्यूटी ५ मध्ये तेच नाव असलेली मेथड जोडी देऊ लागली. आता बहुतेकांचा कोड असा असतो:

    पाथ = फाइल_निवड()
    इफ पाथ:
        उघड(पाथ)

वापरणाऱ्याने रद्द करा दाबलं की जुन्या मेथडमधून रिकामी स्ट्रिंग यायची, ती पायथनमध्ये खोटी ठरते, त्यामुळे पुढे काही होत नसे. नव्या मेथडमधून दोन रिकाम्या स्ट्रिंगांची जोडी येते. जोडीत दोन वस्तू आहेत, म्हणून ती खरी ठरते. रद्द केलं तरी कोड आत शिरतो. आणि डेव्हलपर टेस्ट करताना फाइल निवडून बघतो, रद्द करून बघत नाही.

तेव्हा फाइल_निवड ला हात लावू नका. ‘फाइल_निवड_तपशील’ ही नवी मेथड काढा. तिच्यातून उघडी जोडी न देता पाथ आणि प्रकार हे गुणधर्म असलेली वस्तू द्या, आणि रद्द केलं तर नन. जोडीत उद्या तिसरी गोष्ट घातली की दोन नावांत सोडवून घेणारा प्रत्येक कोड पडतो. वस्तूत गुणधर्म वाढवल्याने तसं होत नाही.

नवी लायब्ररी लिहायला घ्याल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: क्रमाने एक, फार तर दोन पॅरामीटर, बाकी नावाने. आणि नावाने देत असाल तर पॅरामीटरचं नावही करारात येतं, ते मागाहून बदलता येत नाही. जे नाव अजून पक्कं वाटत नाही ते तिरप्या रेघेच्या अलीकडे ठेवा, पायथन ३.८ पासून तशी सोय आहे. मग ते क्रमानेच द्यावं लागतं आणि नाव बदलायला तुम्ही मोकळे.

वऱ्हाडी_गडी

लाखाच्या स्वल्पविरामाचं तर डिफॉल्ट बदला ना राजेहो. इथं कोण हजारात मोजून राहिलं? अडत्याला १००,००० दाखवलं तर तो दोनदा वाचते. हे तर सगळ्यांच्या भल्याचंच आहे.

अंबाझरी_काठ (धागाकर्ता)

भाऊ, माझंही मन तिकडेच ओढतं. पण या धाग्यावर जे वाचलं त्यानंतर आमच्याच एका वापरकर्त्याचा कोड पुन्हा उघडून बघितला. तो रकमेच्या रकान्यातला मजकूर जसाच्या तसा उचलून दुसऱ्या एका हिशोबाच्या प्रोग्रॅमला फाइलमधून देतो, आणि तो प्रोग्रॅम स्वल्पविरामांच्या जागा मोजून रक्कम वाचतो. असं करू नये हे खरं, पण केलेलं आहे, आणि ते चालतं आहे. उद्या डिफॉल्ट बदललं तर तिथे कोणती रक्कम वाचली जाईल ते मी सांगू शकत नाही. रकमेच्या बाबतीत हा धोका मी घेणार नाही.

रामटेकवासी

बरोबर केलंत. डिफॉल्ट हाही कराराचाच भाग. पण नव्या माणसाला प्रत्येक रकान्यात गट=लाख लिहायला लावणंही बरं नाही. प्रोग्रॅमने सुरुवातीलाच एकदा सांगावं की मला नवे डिफॉल्ट हवेत. पायक्यूटी ४ मध्ये अशी सोय होती: आयात करण्याआधी सिप या तिच्या जोडणी-साधनाच्या ‘सेट एपीआय’ ने क्यूस्ट्रिंगची (क्यूटीच्या मजकूर-वस्तूची) दुसरी पद्धत मागायची. न मागणाऱ्याला जुनीच मिळायची, आणि पायथन ३ वर मात्र नवी पद्धत आपोआप. तुम्हीही तसं करा:

    लायब्ररी.डिफॉल्ट_संच(२)

ही ओळ नसेल तर सगळं जुन्यासारखं. असेल तर लाखाचे गट, आणि पुढे जे जे डिफॉल्ट सुधारायचे ते या संचात. नमुना प्रोजेक्टमध्ये आणि कागदपत्रांत ही ओळ पहिल्यापासून टाका, म्हणजे नवा माणूस आपोआप नव्या बाजूला येतो. हा संच प्रोग्रॅमनेच निवडावा, मशीनच्या सेटिंगमधून कधीही नाही, नाहीतर फॉरमॅट केल्यावर तोच प्रोग्रॅम वेगळा वागेल.

सदर_बाजार

हे मला पटतं. माझा आक्षेप जुन्याचा कचरा नव्याच्या डोळ्यांपुढे राहण्याला होता. संच आणि एडिटरमधली काट या दोन्हींनी तो बराच मिटतो. एक विनंती: जुन्या मेथड एका वेगळ्या फाइलमध्ये मिक्सिनमध्ये (मुख्य वर्गात मिसळायच्या छोट्या वर्गात) हलवा, मुख्य वर्गात ठेवू नका. आणि कागदपत्रांत त्यांच्यासाठी शेवटी वेगळं पान करा.

अंबाझरी_काठ (धागाकर्ता)

मिक्सिनचं करतो. टीमशी बोललो, पुढच्या आवृत्तीचं ठरलं ते लिहितो.

ओळ_जोड ला धंतोलीकरांचा डेकोरेटर लागेल, जुना क्रम चालत राहील. प्रीव्ह्यू.आकार ‘माप’ घेईल, दोन पूर्णांकांचा अर्थ कायम उंची-रुंदीच. निवड_घटनेवर आणि फाइल_निवड_तपशील या नव्या मेथड येतील, जुन्या दोघींना हात लागणार नाही. डिफॉल्ट_संच येईल. इशारे लॉग फाइलमध्ये, स्क्रीनवर काही नाही. सक्तीची तारीख आम्ही ठरवत नाही आहोत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आमच्या टेस्ट आम्हीच लिहिलेल्या, त्यामुळे त्यांत सगळे कॉल नीटनेटके आहेत. लोक प्रत्यक्षात कसे कॉल करतात ते त्यांत नाही.

मिहानकरीण

दोन थर ठेवा. पहिला यांत्रिक: इन्स्पेक्टने सगळ्या सार्वजनिक मेथडच्या सिग्नेचर एका मजकूर फाइलमध्ये उतरवायच्या आणि ती फाइल गिटमध्ये ठेवायची. कोणी पॅरामीटरचं नाव, क्रम किंवा डिफॉल्ट बदललं की फरक रिव्ह्यूमध्ये दिसतो. पण परतीचं मूल्य, कॉलबॅकला काय जातं, हे यात दिसत नाही.

दुसरा थर लोकांच्या खऱ्या कोडचा. वापरणाऱ्यांकडून त्यांचे स्क्रीनचे कोड मागवा आणि त्यांतले कॉल जसे आहेत तसे एका ‘जुने_कॉल’ फोल्डरमध्ये टाका. क्र=क्र वालं लॅम्बडा, रद्द करा दाबल्यानंतरची शाखा, रंगव ओव्हरराइड केलेले उपवर्ग, हे सगळं त्यातच सापडेल. त्या फोल्डरमधली टेस्ट कधीही दुरुस्त करायची नाही. ती पडली तर लायब्ररी दुरुस्त करायची.

वऱ्हाडी_गडी

माझ्याकडं जुन्या काट्याचा पूर्ण कोड आहे, पायथन २ वरून ३ वर आणलेला. ट्रू-फॉल्सच्या माळा अन् लॅम्बडा दोन्ही भरपूर. पाठवू का?

अंबाझरी_काठ (धागाकर्ता)

नक्की पाठवा भाऊ, असाच हवा आहे. पाठवण्याआधी त्यातली ग्राहकांची नावं, गाड्यांचे नंबर आणि मोबाइल नंबर काढून टाका. डेटाबेसची फाइल नको, नुसता स्क्रीनचा कोड पुरे. आकार() चे कॉल असलेली फाइल आधी द्या, ‘माप’ चं काम याच आठवड्यात सुरू करतो आहे.